रोजच्या वापराला छोटी कूपे: हौस ठीक आहे, पण रोज उठून चालवता येईल का?

चौथा_गियर

नमस्कार मंडळी. घरात एकच गाडी आहे, वय झालेली हॅचबॅक, आणि आता तिच्यावर खर्च करण्यात अर्थ उरलेला नाही. माणसं आम्ही तीन: मी, बायको आणि लहान मुलांच्या सीटवर बसणारी चार वर्षांची मुलगी. रोजचं जाणं-येणं मिळून साधारण पन्नास किलोमीटर, निम्मं गर्दीत, निम्मं मोकळ्या रस्त्यावर.

आजवर प्रत्येक गाडी डोकं वापरून घेतली. या वेळी कूपे, म्हणजे दोन दारांची घ्यावी असं फार मनात आहे. नवी झेपणार नाही, त्यामुळे जुन्यातली. यादीत सध्या तीन: पहिल्या पिढीची टोयोटा जीटी८६ (किंवा सुबारू बीआरझेड, एकच गाडी, बिल्ले दोन), दहाव्या पिढीची होंडा सिव्हिक कूपे आणि ह्युंदाई व्हेलोस्टर.

शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते ते मला सांगू नका, ते कुठेही मिळतं. पावसात, गर्दीत, सामान घेऊन, पोर रडत असताना ही गाडी कशी वागते ते ज्यांनी वापरली आहे त्यांनी सांगा.

सरळसोट

हॅचबॅक घ्या. विषय संपला. तेवढ्याच पैशात चांगल्या इंजिनाची पाच दारांची हॅचबॅक येते, मागे माणसं बसतात, डिकीत सामान मावतं, वळणावरही मजा येते. कूपे म्हणजे दोन दारं कमी देऊन जास्त पैसे घेण्याचा धंदा आहे.

चौथा_गियर

सरळसोट, अपेक्षित प्रतिसाद आलाच. :) मुद्दा मान्य, पण पाच दारांचीच घ्यायची असती तर धागा काढला नसता.

वंगण

माझ्याकडे पहिल्या पिढीची ८६ आहे, मॅन्युअल. बरीच वर्षं हीच रोजची गाडी आहे, दुसरी नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचं बघू, कारण या गाडीचे आकडे फसवे आहेत. इंजिन २.० लिटरचं, २०० पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती). पण ते २०० मिळतात ७,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, २०५ न्यूटन मीटर, तोही ६,४०० च्या पुढे. म्हणजे ऑफिसला जाताना आपण इंजिन जिथे फिरवतो तिथे फारसं काही नसतं. त्यात भर म्हणून साधारण ३,५०० ते ४,५०० च्या मध्ये टॉर्क चक्क खाली बसतो. पुढच्या ट्रकला ओलांडायचं असेल तर चौथ्यातून तिसऱ्यात यावं लागतं आणि इंजिनाला ओरडू द्यावं लागतं. ज्याला गियर बदलायला आवडतं त्याला यात कटकट वाटत नाही. ज्याला टर्बो डिझेलची सवय आहे तो पहिल्याच आठवड्यात म्हणेल, गाडीत दमच नाही.

आता चांगलं सांगतो. वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. बॉक्सर इंजिन (सिलिंडर समोरासमोर आडवे) खाली बसवलेलं, त्यामुळे गुरुत्वमध्य जमिनीपासून फक्त ४६० मिमीवर असल्याचं टोयोटाच सांगते. पत्रकात वाचताना याचं काही वाटत नाही. पण रोजच्या रस्त्यावरचा साधा चौक घ्या, डावीकडे वळायचंय, वेग तीस-पस्तीस. स्टिअरिंग वळवलं की गाडी झुकायला वेळ घेत नाही, लगेच वळते. मजा घ्यायला डोंगरात जावं लागत नाही किंवा वेगमर्यादा मोडावी लागत नाही. माझ्या दृष्टीने रोजच्या गाडीत हा गुण दोनशे-तीनशे अश्वशक्तीपेक्षा मोठा आहे, कारण तो रोज वापरता येतो.

क्लच हलका आहे, गर्दीत पाय भरून येत नाही. पहिला-दुसरा गियर थंडीत थोडा अडतो, तेल तापलं की सुटतो. युरोपातले कंपनीचे जाहीर आकडे मॅन्युअलला १०० किमीला ७.८ लिटर आणि ऑटोमॅटिकला ७.१. गर्दीत याच्या बरंच वर जातं हे गृहीत धरा. आणि हो, पेट्रोल जास्त ऑक्टेनचं लागतं. कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण) १२.५ ला १ आहे, तिथे काटकसर करू नका.

निवांतराव

वा वंगणकाका, मस्त लिहिलंत. वाचतोय. मी सिव्हिक कूपेवाला, रात्री लिहितो.

मागची_सीट

सगळे पुढे बसणारेच बोलताय, म्हणून मी मागच्यांच्या वतीने बोलते. आमच्या घरी कूपे आहे आणि मुलाला आत बसवण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं.

कृती अशी. दार उघडायचं. कूपेचं दार चार दारांच्या गाडीपेक्षा चांगलंच लांब असतं, त्यामुळे शेजारची गाडी जवळ लावलेली असेल तर ते अर्धंच उघडतं. पुढची सीट झुकवून सरकवायची. मुलाला आधी आत सोडायचं, मग स्वतः कमरेत वाकून अर्धं अंग आत घालायचं आणि एका हाताने पट्ट्याची कडी चाचपत लावायची. या वेळी पाठ दाराच्या बाहेर असते, म्हणजे पाऊस असेल तर तो थेट पाठीवर. मग बाहेर यायचं आणि सीट परत जागेवर आणायची. ती प्रत्येक गाडीत आधीच्या जागी परत येतेच असं नाही. आली नाही तर चालवणारा पुन्हा सीट जुळवणार. हे सगळं दिवसातून किमान दोनदा.

चार वर्षांची मुलगी स्वतः चढू शकते, हा मोठा फरक आहे. पाळणाघरातलं बाळ असतं तर मी सरळ नको म्हणाले असते. मागे तोंड करून बसवायची सीट ८६ मध्ये ठेवली तर तिच्या पुढच्या सीटवर मोठं माणूस बसूच शकत नाही.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. ८६ ची मागची पाठ एकसंध पडते, अर्धी-अर्धी नाही. मुलगी मागे बसली असेल तर लांब सामान न्यायचा पर्याय बंद. डिकी २४३ लिटरची आणि तिचं तोंड अरुंद. पाठ पाडली की चार चाकं टायरसकट मावतात असं कौतुकाने सांगतात, खरंही आहे. पण तेव्हा पोराला कुठे बसवायचं?

सरळसोट

+१. म्हणून म्हणालो, हॅचबॅक घ्या.

वंगण

मागची_सीट ताई, शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे मुलं मोठी होऊन स्वतःच्या गाड्या चालवतात, त्यामुळे मागची सीट म्हणजे माझ्या पिशव्यांची जागा आहे. मोठ्या माणसाला मागे बसवून अर्धा तास नेलं तर संबंध बिघडतात.

निवांतराव

तर सिव्हिक कूपे. २०१६ ते २०२० च्या मॉडेलांची, त्यानंतर होंडाने कूपे बंदच केली. त्यामुळे मिळतील त्या सगळ्या आता वापरलेल्याच.

हिचं रहस्य व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात आहे. २,७०० मिमी, म्हणजे त्या पिढीच्या सेडानइतकाच. ८६ चा २,५७०. हे तेरा सेंटिमीटर कुठे गेले? मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर. माझ्या मागे मध्यम उंचीचा माणूस बसतो आणि तक्रार न करता बसतो. फक्त छत मागे उतरतं, त्यामुळे उंच माणसाचे केस घासतात. डिकी साधारण ३४० लिटर. आठवड्याचं सामान, घडीची बाबागाडी, दोन बॅगा, सगळं जातं.

इंजिनं दोन: २.० साधं, १५८ अश्वशक्ती, आणि १.५ टर्बो, १७४. टर्बो खालूनच ओढते, वंगणकाकांना जे तिसऱ्यात येऊन मिळतं ते इथे चौथ्यातच मिळतं. पण १.५ टर्बोच्या बाबतीत एक प्रसिद्ध दुखणं आहे, थंड हवेत आणि छोट्या फेऱ्यांमध्ये पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. थेट सिलिंडरमध्ये फवारलेलं पेट्रोल थंड भिंतीवर पूर्ण जळत नाही, रिंगांजवळून खाली झिरपतं आणि इंजिन पुरेसं तापलंच नाही तर उडून जात नाही. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघा. पातळी खुणेच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर समजा. रोज पंचवीस किलोमीटर सलग चालणाऱ्या गाडीला त्रास कमी. दोन-दोन किलोमीटर जाऊन बंद करणाऱ्याने साधं २.० घ्यावं.

आता मनातलं. सिव्हिक कूपे रोज वापरायला तिघींत सगळ्यात सोपी. आणि म्हणूनच कधी कधी सेडान चालवल्यासारखी वाटते. पुढच्या चाकांना जोर, स्टिअरिंग हलकं, बसायची जागा सेडानपेक्षा थोडीच खाली. कूपे घेतल्याचं समाधान गाडीबाहेर उभं राहून तिच्याकडे बघताना जास्त मिळतं. मला तेवढं पुरतं.

(पूर्वी आमच्याकडे शेवटच्या पिढीची सेलिका होती. २००६ मध्ये टोयोटाने ती बंद केली तेव्हा वाईट वाटलं होतं. मागे वर उघडणारं दार आणि मोठी डिकी, हे कोडं त्यांनी तेव्हाच सोडवलं होतं. विषयांतराबद्दल क्षमस्व.)

काचेमागे

व्हेलोस्टरबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. पहिली पिढी, १.६, टर्बो नसलेली.

हिची गंमत म्हणजे चालकाच्या बाजूला एक लांब दार आणि दुसऱ्या बाजूला दोन. मागच्या दाराची कडी खिडकीच्या चौकटीत लपवलेली आहे, नवीन माणूस पाच मिनिटं शोधत बसतो. मागची_सीट यांनी वर जे वर्णन केलंय त्यातला अर्धा त्रास या तिसऱ्या दाराने जातो. मुलगी चार दारांच्या गाडीत चढते तशी चढेल, आणि तीही फूटपाथच्या बाजूने.

डिकी साधारण ४४० लिटर, मागचं दार वर उघडतं. पण ते बंद करताना मागे कोण बसलंय ते आधी बघा. काच छतापर्यंत येते आणि उंच माणसाचं डोकं बरोबर तिच्या खाली असतं. आरशातून मागचं दृश्यही मधल्या आडव्या पट्टीने दुभंगतं. सवय होते, पण रात्री मागच्या गाडीचे दिवे नेमके त्या पट्टीवर येतात तेव्हा अंतराचा अंदाज चुकतो. मागच्या सीट दोनच, मध्ये कप ठेवायची जागा.

वेगाचं म्हणाल तर १३८ अश्वशक्ती. दिसायला जेवढी तिखट तेवढी धावत नाही. ८६ शी तुलना करूच नका.

सरळसोट

म्हणजे मागे वर उघडणारं दार, एका बाजूला दोन दारं, पुढच्या चाकांना जोर. अभिनंदन, तुम्ही हॅचबॅकपर्यंत पोहोचलात.

काचेमागे

😄 अर्ध्या वाटेपर्यंत.

पानापेटी

मी दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे मला चालवण्यापेक्षा उघडण्याचा अनुभव जास्त. ८६ घ्यायचीच असेल तर काय बघायचं ते सांगतो.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुबारूने व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलण्यासाठी सुरुवातीच्या वर्षांतल्या बीआरझेड परत बोलावल्या होत्या. त्याच इंजिनाच्या टोयोटाही त्यात आल्या. या कामासाठी इंजिन बाहेर काढून पुढून उघडावं लागतं, म्हणजे काम नाजूक आहे. सुरुवातीची गाडी असेल तर चासी नंबर टाकून काम झालंय का ते तपासा. झालं असेल तर त्यानंतर गाडी किती चालली तेही विचारा. काम होऊन हजारो किलोमीटर निर्धोक चालली असेल तर ती मला जास्त आवडेल.

गाडी थंड असताना सुरू करायला सांगा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर परत जा, दुसऱ्या दिवशी या. इंजिनातून रातकिड्यांसारखी किरकिर येईल, ती उच्च दाबाच्या पेट्रोल पंपाची, तिला घाबरू नका. क्लच पूर्ण सोडल्यावर येणारा आणि पायाने किंचित दाबल्यावर जाणारा आवाज मात्र कानात साठवा. तो बहुतेक वेळा बेअरिंगचा असतो, आणि ते बदलायला गियरबॉक्स उतरवावा लागतो. सुरुवातीच्या गाड्यांत मागच्या दिव्यांत बाष्प साचलेलं दिसतं. दिसायला वाईट, पण जीवघेणं नाही. डिकीच्या चटईखाली हात घालून ओल आहे का ते मात्र बघाच.

स्पार्क प्लग बदलायचं काम या इंजिनावर वेळखाऊ आहे, कारण ते बाजूला चासीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेत. त्यामुळे वेळ येऊनही बदललेले नसतात. बिलं मागा.

एक दिलासा: टायर २१५/४५ आर१७. अगदी सर्वसाधारण माप, कंपनीने मुळात त्याच मापाचे साधे, कमी पकडीचे टायर दिले होते. मोठ्या चाकांच्या गाड्यांना टायर बदलताना जो धक्का बसतो तो इथे नाही. पण आधीच्या मालकाने १८ किंवा १९ इंची चाकं चढवली असतील आणि गाडी खाली बसवली असेल तर मूळ चाकं आणि स्प्रिंगा मिळतायत का विचारा. ग्राउंड क्लिअरन्स मुळातच साधारण १२५ मिमी आहे. त्यातून दोन बोटं कमी झाली की रोजच्या प्रत्येक उताराला पुढचा बंपर सलाम करतो.

चौथा_गियर

पानापेटी, प्रिंट काढून खिशात ठेवतोय. पावसाचं कुणी सांगेल का? मागच्या चाकांना जोर असलेली गाडी मी कधी रोज चालवलेली नाही.

वंगण

चांगले टायर आणि शांत उजवा पाय असेल तर काही होत नाही. स्थिरता नियंत्रण चालू ठेवा, ते बंद करण्याचं बटण विसरून जा. ओल्या चौकात दुसऱ्या गियरमध्ये जोरात पाय दिलात तर मागचा भाग हलकासा सरकतो आणि यंत्रणा लगेच पकडते, सांगून करते, अचानक नाही. खरी अडचण झिजलेल्या टायरची आहे. हलकी गाडी, रुंद टायर, खाचा उथळ, रस्त्यावर पाणी साचलेलं, या चार गोष्टी एकत्र आल्या की पाण्यावर तरंगते. तिथे पुढचा जोर काय नि मागचा काय.

आणि दार. दाराला काचेची चौकट नाही. कडी ओढली की काच आधी किंचित खाली उतरते, मग दार सुटतं, बंद केल्यावर परत वर जाऊन रबरात बसते. कडाक्याच्या थंडीत काच रबराला गोठून चिकटली तर दार ओढू नका, आधी सोडवा. बॅटरी बसली तर काच उतरत नाही, तेव्हाही दार आपटायचं नाही. रबराला वर्षातून एकदोनदा सिलिकॉनचा हात मारला की वाऱ्याचा आवाजही कमी होतो. आवाज तसाही आहेच. महामार्गावर टायरची घरघर ऐकत जावं लागतं, फोनवर बोलणाऱ्याला ओरडून बोलावं लागतं.

मागची_सीट

टेस्ट ड्राइव्हला जाताना मुलीला, तिच्या सीटला आणि बायकोला घेऊन जा. विक्रेता तोंड वाकडं करेल, करू दे. सीट स्वतः बसवा, मुलीला स्वतः चढू दे, मग बायकोला समोर बसवा आणि तिचे गुडघे कुठे येतात ते बघा. त्यानंतर दोन गाड्यांच्या मधल्या खाचेत गाडी लावून दोघांनी बाहेर पडून दाखवा. चालवून बघायचं काम सगळ्यात शेवटी करा, कारण एकदा चालवलीत की बाकीचं काही दिसणार नाही.

निवांतराव

आणि बघायला जाण्याआधी विम्याचा आकडा काढा. तोच चालक, तोच पत्ता, तेवढीच अश्वशक्ती, तरी दोन दारांच्या स्पोर्ट्स गाडीला हप्ता जास्त लागू शकतो. जुनी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून खूश होणारे पुढे हप्ता भरताना रडतात.

चौथा_गियर

अपडेट. तीनही बघून आलो, मागची_सीट ताईंच्या पद्धतीने.

व्हेलोस्टरमध्ये मुलगी सगळ्यात खूश, "माझं वेगळं दार" म्हणून. मला चालवताना फारसं काही वाटलं नाही. सिव्हिकबद्दल बायकोचं मत: हीच घे, यात सगळं बसतं. बरोबर आहे तिचं. निवांतराव म्हणाले तेही खरं, गाडी कुठेच अडत नाही आणि कुठेच पकडतही नाही.

८६ मध्ये मुलीची सीट चालकाच्या मागे बसवली तर मला चालवता येत नाही. बायकोच्या मागे बसवून तिची सीट पुढे घेतली तर गुडघे डॅशबोर्डच्या जवळ येतात, पण बसता येतं. तिची उंची बेताची आहे म्हणून. चढताना मुलीला मजा वाटली, उतरताना तिने माझ्या खांद्यावर पाय दिला. मग चालवली. त्याबद्दल काही लिहीत नाही, लिहिलं तर सरळसोट हसतील.

विम्याचा फरक सिव्हिकच्या तुलनेत आहे, पण घाबरण्याइतका नाही. लांबच्या सहलीला सामान मावणार नाही, तेव्हा भाड्याची गाडी घेऊ असं घरात ठरलंय. वर्षातून एखाद-दोन वेळाच जातो.

सरळसोट

हसत नाही. हिशोब करून घेताय, घ्या. फक्त ऑटोमॅटिक घेऊ नका. इतक्या गैरसोयी सोसायच्या तर गियरची मजा तरी हवी.

वंगण

हे मात्र सरळसोट लाखातलं बोलले. आणि जमलं तर २०१७ पासूनची बघा. त्यात मॅन्युअलला शेवटचं गुणोत्तर (गियरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना वेग कमी करणारं) ४.१ वरून ४.३ केलं, गाडी खालच्या वेगात जरा चपळ वाटते. चढावर मागे घसरू न देणारी सोयही आली. पुढच्या पिढीत २.४ लिटरचं इंजिन आलं आणि २५० न्यूटन मीटर ३,७०० लाच मिळायला लागले, म्हणजे माझी सगळी रड तिथे संपली. पण ती तुमच्या बजेटच्या बाहेर असणार.

चौथा_गियर

हो, ती बाहेरच. २०१७ च्या पुढचीच एक मॅन्युअल नजरेत आहे. एक मालक, मूळ चाकं, बिलं सगळी आहेत, थंड असतानाच सुरू करून दाखवली. बेअरिंगचा आवाज नाही, चटई कोरडी. टायरच्या खाचा भरपूर आहेत, पण बाजूला चार आकडे आहेत ते १४१९. हे काय?

पानापेटी

२०१९ चा चौदावा आठवडा. खाचा असल्या तरी रबर जुनं होऊन कडक झालेलं असणार, आणि पावसाचं वर बोलणं झालंच आहे. चारही टायर बदलायचे असं धरून चाला आणि तो खर्च गाडीच्या किमतीतून वजा करायला सांगा. चारही टायरवरचे आकडे वेगवेगळे वाचा, दोन जुने दोन नवे असतील तर नवे मागे आहेत का तेही बघून घ्या.